फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी)

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी गाठ. घरात मात्र फायब्रॉइड वगैरे कुणी म्हणत नाही, "तिच्या पिशवीला गाठ आलीय" असं म्हणतात, आणि गाठ म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी कॅन्सरच आठवतो. तर ही गाठ कॅन्सरची नसते आणि तिचा पुढे कॅन्सर होणंही फार म्हणजे फारच क्वचित. शास्त्रीय नाव लायोमायोमा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन हार्मोन्सवर ती पोसते, म्हणून पाळी सुरू व्हायच्या आधी होत नाही आणि पाळी गेली की बहुतेकींची आक्रसत जाते. अमेरिकेतल्या २००३ च्या एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी जवळपास ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना फायब्रॉइड असतात असा अंदाज निघाला. म्हणजे किती कॉमन आहे बघा. त्यातल्या बऱ्याच जणींना पत्ताही नसतो, दुसऱ्याच कशासाठी तरी सोनोग्राफी होते आणि तिथे कळतं.

रिपोर्ट हातात आला की सगळे आधी सेंटीमीटर बघतात, पण गाठ कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. पोकळीत आत डोकावणारी सबम्युकोझल गाठ दीड-दोन सेंमीची असली तरी पाळीत हैदोस घालते आणि दिवस राहण्यातही आड येऊ शकते. बाहेरच्या अंगाला वाढणारी सबसिरोझल लिंबाएवढी झाली तरी गप्प बसते, फार मोठी झाली की मग लघवीच्या पिशवीवर दाब, दर तासाला बाथरूम, नाहीतर बद्धकोष्ठता. भिंतीतच असते ती इन्ट्राम्युरल. २०११ मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या जागांना ० ते ८ असे नंबर दिले, म्हणून हल्ली रिपोर्टात "फिगो टाइप ४" असं काहीतरी लिहिलेलं दिसतं.

आता खरा त्रास. एका पाळीत ८० मिलीच्या वर रक्त गेलं तर ते जास्त, अशी जुनी व्याख्या आहे, पण मिली मोजणार कोण आणि कशात? उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २००७ मध्ये ती सरळ बदलली आणि म्हटलं, बाईच्या जगण्यात अडथळा येतो ना, मग ते जास्तच. हे पटण्यासारखं आहे. कारण "अंगावरून जास्त जातंय" याचा अर्थ रोजच्या दिवसात असा असतो की गादीवर जुना टॉवेल, त्यावर प्लास्टिक, एकावर एक दोन पॅड, तरी रात्री दोनदा उठायचं, गडद रंगाचेच ड्रेस, आणि ऑफिसात खुर्चीवरून उठताना शेजारणीला हळूच "मागे बघ गं जरा". गणपतीत किंवा घरच्या पूजेत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या की त्यानंतरची पाळी आणखी धो धो जाते, असंही बऱ्याच जणी सांगतात. महिन्यामागून महिने असंच गेलं की हिमोग्लोबिन सात-आठवर येतं, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात हिचा स्वभावच बदललाय.

हे सगळं मोजायला २००२ मध्ये खास फायब्रॉइडसाठी ३७ प्रश्नांची एक प्रश्नावली आली. ८ प्रश्न लक्षणांचे आणि बाकीचे २९ जगण्याचे: थकवा, मूड, कपड्यांची काळजी, प्रवास, शरीरसंबंध, आयुष्य आपल्या हातात नाही असं वाटणं. ओपीडीत एवढं विचारायला कुणाला वेळ नसतो ते सोडा.

त्रास नसेल तर काहीच करायचं नसतं, नुसतं लक्ष ठेवायचं. रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, गाठ तात्पुरती लहान करणारी इंजेक्शनं, आणि सोबत लोहाच्या गोळ्या. नुसती गाठ काढून गर्भाशय ठेवता येतं, ती मायोमेक्टॉमी, पण गाठी पुन्हा येऊ शकतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा, याला एम्बोलायझेशन म्हणतात, फायब्रॉइडसाठी ते १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडलं. आपल्याकडे मात्र हे सगळं बाजूला ठेवून पटकन "पिशवी काढून टाका, मुलं झालीत ना" इथेच गाडी येते.

पिशवी काढणं कधीकधी खरंच लागतं. पण बीडचं उदाहरण विसरता येत नाही. राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये तिथल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. या सगळ्यांना गाठी होत्या असं अजिबात नाही, कुणाला पांढरं जात होतं, कुणाला इन्फेक्शन, कुणाला कॅन्सरची भीती घातलेली. त्यात नवराबायकोने मिळून उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली, खाडा झाला की दंड, फडावर ना बाथरूम ना पाणी. अशात पाळीच नको वाटली तर नवल नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशन्सबद्दलच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं.

अंडाशय ठेवले तरी पिशवी काढल्यावर रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. तेही काढले तर ती लगेचच, म्हणजे तिशीतल्या बाईला हॉट फ्लशेस (अंगातून एकदम गरम वाफा येणं), हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका जास्त. म्हणून सही करायच्या आधी अंडाशय ठेवणार की काढणार हे विचारायचं, काही जणींना ते वर्षांनंतर कुणीतरी डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवल्यावर कळतं.