‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑन’ची गरज नाही

अपाचे या वेब सर्व्हरमागे टॉमकॅट (जावा अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) लावायचा तर आधी ‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑन’ लिहा, असा सल्ला वर्षानुवर्षे या कॉन्फिग फाइलमधून त्या फाइलमध्ये चिकटवला जातोय. तो चुकीचा आहे, आणि धोकादायकही.

ही ओळ फॉरवर्ड प्रॉक्सीसाठी, म्हणजे वापरकर्त्यांच्या वतीने बाहेरच्या साइटवर जाणाऱ्या मध्यस्थासाठी आहे. ती चालू केली आणि प्रवेशावर बंधन घातलं नाही, तर जगातला कुणीही तुमच्या सर्व्हरच्या आडून हव्या त्या साइटवर जाऊ शकतो. नोंद मात्र तुमच्या आयपीची होते. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आपल्याला हवी असते रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून आलेल्या विनंत्या आतल्या सर्व्हरकडे पोचवणारी. तिला ‘प्रॉक्सीपास’ पुरतं: कोणता पत्ता 8080 पोर्टवरच्या टॉमकॅटकडे पाठवायचा, एवढंच ते सांगतं. त्यासाठी लागणारी अपाचेची मॉड्यूल (जोडभाग) दोनच, मॉड_प्रॉक्सी आणि मॉड_प्रॉक्सी_एचटीटीपी. ‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स’ मुळात ‘ऑफ’च असतं, अपाचेचं स्वतःचं दस्तऐवजही रिव्हर्स प्रॉक्सीसाठी ते तसंच ठेवायला सांगतं.

मग ‘ऑन केल्यावरच माझं चाललं’ असं लोक का म्हणतात? बहुधा त्याच वेळी त्यांनी मॉड्यूलही चालू केलेलं असतं किंवा सर्व्हर रीस्टार्ट केलेला असतो. श्रेय भलत्याच ओळीला.

जाता जाता: ‘प्रॉक्सीपास’च्या जोडीला लिहितात ते ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ टॉमकॅटच्या उत्तरातले रीडायरेक्टचे (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारे) हेडर दुरुस्त करतं, पानातल्या लिंकना ते हातही लावत नाही.