नताशाचा कायदा

अन्नाची ॲलर्जी असणाऱ्यांच्या संरक्षणासाठी ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेले, खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील माहितीसंबंधीचे नियम ‘नताशाचा कायदा’ या नावाने ओळखले जातात. पदार्थ दुकानातच तयार करून, गिऱ्हाईक मागण्याआधीच पाकिटात बंद करून ठेवला असेल, तर त्यावर त्याचे नाव आणि सर्व घटकांची यादी छापावी लागते. यादीतले ॲलर्जीकारक घटक ठळक दिसले पाहिजेत.

नताशा एडनन-लपरूज या पंधरा वर्षांच्या मुलीला तिळाची ॲलर्जी होती. १७ जुलै २०१६ रोजी तिने हीथ्रो विमानतळावर भरलेला बगेट पाव विकत घेतला. तीळ पावाच्या कणकेतच मळलेले असल्याने वरून दिसत नव्हते आणि पाकिटावर त्यांचा उल्लेखही नव्हता. फ्रान्समधल्या नीसला जाणाऱ्या विमानात तिला तीव्र प्रतिक्रिया आली. ॲड्रेनालिनची दोन इंजेक्शने देऊनही ती वाचली नाही. पाकिटावर उल्लेख नसणे तेव्हा बेकायदेशीर नव्हते, ही यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. कारखान्यात बंद होऊन आलेल्या मालावर घटकांची यादी सक्तीची होती. दुकानात बनवून बंद केलेल्या मालाबाबत मात्र ‘कर्मचाऱ्यांना विचारा’ अशी पाटी पुरे होती. २०१८ मध्ये मृत्यूच्या न्यायिक चौकशीत ही पळवाट उघड झाली. नताशाच्या आईवडिलांनी ती बंद करण्याची मागणी लावून धरली आणि २०१९ मध्ये इंग्लंडचे दुरुस्ती नियम मंजूर झाले. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडने आपापले नियम केले. विक्रेत्यांना तयारीसाठी सुमारे दोन वर्षे मिळाली.

ठळक दाखवायचे घटक चौदा आहेत: ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शिंपले-कालवे, शेंगदाणे, बदाम-काजू-अक्रोडांसारखी कवचाची फळे, सोयाबीन, तीळ, मोहरी, सेलरी, ल्युपिन ही शेंगवर्गीय वनस्पती आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेले सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन).

नियमाची मर्यादा एका वडापावावरून कळते. लंडनमधल्या एखाद्या मराठी दुकानदाराने शेंगदाणे-तीळ घातलेली लसणाची सुकी चटणी लावून वडापाव सकाळीच डब्यात बंद करून ठेवले, तर प्रत्येक डब्यावर गहू, शेंगदाणे, तीळ ठळक अक्षरांत हवेत. तोच वडापाव मागणीनंतर बांधून दिला, तर लेबल लागत नाही. विक्रेत्याने तोंडी माहिती दिली तरी चालते. उपाहारगृहातल्या ताटालाही हेच लागू. खाणाऱ्याला धोका दोन्हीकडे सारखाच असताना हा भेद पटण्यासारखा नाही. म्हणूनच उपाहारगृहांत लेखी माहिती सक्तीची व्हावी, यासाठी ‘ओवेनचा कायदा’ या नावाने स्वतंत्र मोहीम चालू झाली. २०१७ मध्ये लंडनच्या एका उपाहारगृहात ताकात मुरवलेले चिकन खाल्ल्यावर, दुधाची ॲलर्जी असलेल्या ओवेन कॅरी या तरुणाचा त्याच्या अठराव्या वाढदिवशी मृत्यू झाला होता. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२५ मध्ये लेखी माहितीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण त्या पाळणे ऐच्छिक आहे.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार बंद पाकिटांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट हे घटक ॲलर्जीच्या सूचनेत वेगळे सांगावे लागतात. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. आपल्याकडे तीळ चिक्कीपासून भाकरवडीपर्यंत आणि मोहरी फोडणीपासून लोणच्यापर्यंत सगळीकडे असल्याने ही उणीव मोठी आहे. ती भरून निघेपर्यंत तिळाची ॲलर्जी असलेल्याला पाकिटावरची घटकांची पूर्ण यादी बारीक अक्षरांतून स्वतःच वाचावी लागते.