ब्रह्मकमळ कॅक्टस आहे, बांधावरचा निवडुंग नाही

आषाढ-श्रावणात वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर एक बातमी हमखास असते. अमक्यांच्या गच्चीत एका रात्रीत इतकी ब्रह्मकमळे फुलली, शेजारीपाजारी जमले, हळदकुंकू वाहिले, आरती झाली. अशाच घरांत बरेचदा ‘काटेरी झाड घरात नको, वास्तुदोष होतो’ म्हणून कॅक्टसची कुंडी दाराबाहेर काढलेली असते. गंमत अशी की, ज्याला ओवाळले तेही कॅक्टसच! एपिफायलम ऑक्सिपेटॅलम हे त्याचे नाव. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, तिथल्या जंगलांत मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर वाढणारे. खरे ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हालाटा. ते हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर उगवते आणि सूर्यफुलाच्या कुळातले आहे. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत ते तग धरणार नाही.

याच्या उलट, शेताच्या बांधावर किंवा किल्ल्याच्या वाटेवर आपण ज्याला बेधडक कॅक्टस म्हणतो तो त्रिधारी निवडुंग कॅक्टस नाही. तो युफोर्बिया, म्हणजे एरंडाचा भाऊबंद. कॅक्टसचे कूळ जवळजवळ सगळे अमेरिका खंडांतले आहे. रिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही एकच जात आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेत आपापली वाढते.

ओळखायला काट्याच्या मुळाशी बघा, शक्यतो दहापट भिंगातून. कॅक्टसच्या अंगावर ठरावीक अंतरावर लोकरीचे बारीक ठिपके असतात. त्यांना अरिओल म्हणतात. प्रत्येक अरिओल ही वाढ खुंटलेली, बटणाएवढी फांदी असते. तिची पाने म्हणजेच काटे. नवी फांदी आणि फूलही तिथूनच येते. युफोर्बियाचे काटे बहुधा जोडीने, सरळ सालीतून निघतात आणि त्यांच्या बुडाशी लोकर नसते. ओरखडा काढला की पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यात गेला तर नेत्रपटलाला इजा होते, म्हणून ही परीक्षा लहान मुलांना करू देऊ नका. शिवाय मॅमिलारिया या कॅक्टसच्या काही जातींनाही चीक येतो, त्यामुळे नुसत्या चिकावरून निकाल लावू नये. अरिओल दिसला की मात्र वाद संपतो.

आता ब्रह्मकमळ हातात घ्या. आपण ज्याला पान म्हणतो ते चपटे खोड आहे. त्याच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक इवलासा, जवळजवळ बिनकाट्याचा अरिओल असतो. कळी तिथूनच बाहेर पडते. ‘पानातून फूल येते’ हा चमत्कार तेवढ्यावरच मिटतो.

फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण परदेशी. १७९५ मध्ये रिओ दि जानेरोहून किरमिजी रंग देणारे, फड्यावर जगणारे किडे भारतात आणले गेले. किडा चुकीच्या जातीचा निघाला, रंग हलका आला. पण त्याने फड्याची एक जात अशी फस्त केली की, पुढे १८३०च्या दशकात दक्षिण भारतात तो फड्याच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम सोडण्यात आला. आजही फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर एक काडीने चिरडून पाहा, काडी लालभडक होते. (‘किरमिजी’ या शब्दाचे मूळही ‘कृमिज’ असेच सांगतात.) फड्याच्या लाल बोंडांवरचे केसासारखे काटे उलट्या आकड्यांचे असतात. ते बोटात गेले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा.

हे सगळे रूप ज्यासाठी आहे तो खरा कारभार रात्री चालतो. त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्याकडचाच आहे. मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीची पाने चघळून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारपर्यंत बेचव झाली, संध्याकाळी कडवट. त्यांचे हे टिपण १८१५ मध्ये छापून आले. तुम्ही चघळू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. एक पान पहाटे सहाला आणि शेजारचे संध्याकाळी पाचला ठेचून रस पीएच पट्टीवर टेकवा. पहाटेचा रस स्पष्टपणे जास्त आम्लधर्मी निघेल.

साधी झाडे दिवसा रंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्याच दारातून पाण्याची वाफही निघून जाते. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना ती ढोबळमानाने ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. कॅक्टस आणि पानफुटी रंध्रे रात्री उघडतात, तेव्हा हवा गार आणि दमट असते. हा खर्च मग ५० ते १०० ग्रॅमवर येतो. पण रात्री ऊन नाही, साखर बनवता येत नाही. म्हणून पेप कार्बोक्सिलेज नावाचे विकर (एन्झाइम) तो वायू तीन कार्बनच्या रेणूला जोडते. त्याचे पुढे मॅलिक आम्ल होते, म्हणजे कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा. ते पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, भरून ठेवले जाते. सकाळी रंध्रे बंद होतात, आम्ल बाहेर येते, त्यातून वायू सुटतो आणि बंद दाराआड उन्हात त्याची साखर होते. म्हणजे कॅक्टसचे गुबगुबीत अंग पाण्याच्या टाकीइतकेच आम्लाचेही कोठार आहे. पेशी मोठ्या नसतील तर रात्रभराचा साठा मावणार कुठे?

इथे एक पेच आहे. दिवसा आम्लातून सुटलेला वायू पेप कार्बोक्सिलेजने पुन्हा पकडला तर सगळे चक्र नुसते फिरत राहील, हाती काही लागणार नाही. म्हणून रात्री एक दुसरे विकर त्याला फॉस्फेटची चिठ्ठी चिकटवते. ती असेपर्यंत मॅलिक आम्ल साचले तरी त्याचे काम सहजी थांबत नाही. पहाटे चिठ्ठी निघते, आणि मग त्याच आम्लामुळे ते गप्प बसते. चिठ्ठी कधी लावायची हे झाडाचे अंतर्गत घड्याळ ठरवते. या पद्धतीचे नाव क्रॅसुलेशियन अॅसिड मेटाबॉलिझम, थोडक्यात कॅम.

आता ‘रात्री ऑक्सिजन देणारी झाडे’ या व्हॉट्सअॅपवरच्या यादीचे बघू. ऑक्सिजन पाण्याचे विघटन झाल्यावर सुटतो आणि त्याला प्रकाश लागतो. कॅम झाड रात्री कार्बन डायऑक्साइड घेते हे खरे, पण त्या बदल्यात ऑक्सिजन देत नाही. संगणकाशेजारी ठेवलेला कॅक्टस ‘रेडिएशन शोषतो’ हे तर निव्वळ दुकानदारीचे वाक्य आहे. त्या जागी तो फक्त उजेडाविना बारीक होतो.

कॅमचा सर्वांत सुंदर नमुना कॅक्टसमध्ये नाही, सह्याद्रीच्या कड्यांवर आहे. शिवनेरीशी नाव जोडलेले शिवसुमन, म्हणजे फ्रेरिया इंडिका, पावसाळ्यात पाने काढते आणि त्या पानांतून साध्या झाडासारखी दिवसा साखर बनवते. उन्हाळ्यात पाने गळतात, मग मांसल खोड कॅमवर तगते. ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात आहे. बघा, फोटो काढा, उपटू नका.

घरच्या कुंडीकडे वळू. गोल, काटेरी जातींसाठी ३ भाग विटांचा चुरा किंवा जाड वाळू, १ भाग चाळलेले गांडूळखत, अर्धा भाग कोळशाचा चुरा. चुरा ३ ते ५ मि.मी.चा हवा, त्यातली पूड चाळून फेकून द्या, कारण तीच तळाशी बसून हवा कोंडते. कोकणात वीटचुरा ४ भाग करा. काळी माती चिमूटभरही नको, ती फुगून पाणी धरून ठेवते. कुंडीच्या तळाला खड्यांचा थर देण्याची पद्धत निरुपयोगी आहे. बारीक मिश्रणातले पाणी वरचा भाग पुरता भिजल्याशिवाय खड्यांत उतरत नाही, त्यामुळे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे.

पाणी द्यायचे ते भोकातून वाहेपर्यंत, आणि मग बांबूची काडी तळापर्यंत खुपसून कोरडी निघेपर्यंत थांबायचे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कुंडी निवल्यावरच द्या. तापलेल्या ओल्या मिश्रणात मुळे शिजतात. बऱ्याच वाळवंटी जातींचे कर्बग्रहण उबदार रात्री मंदावते, म्हणून या दिवसांत खत नको. पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा हवा.

ब्रह्मकमळाचा हिशोब वेगळा आहे. त्याला नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि पानाचे खत, सकाळचे ऊन आणि दुपारी सावली लागते. १५ ते २० सें.मी.चा तुकडा ५-६ दिवस सावलीत सुकवून, खालची बाजू खालीच ठेवून, ४ सें.मी. खोल लावा. फुलायला बहुधा दोन-तीन वर्षे जातात.

गोल कॅक्टसचे बूड मऊ आणि तपकिरी झाले तर ओतलेले पाणी परत घेता येत नाही. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून चकत्या काढत वर जा. मधोमध नळ्यांचे कडे दिसेल. त्यात एकही तांबूस ठिपका उरणार नाही तोपर्यंत कापत राहा, प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. स्वच्छ भागावर गंधकाची भुकटी लावून १०-१५ दिवस सावलीत ठेवा, मग कोरड्या वीटचुऱ्यावर नुसते टेकवा. मुळे दिसल्याशिवाय पाणी नको. त्रिधारीचा तुकडा असाच लावायचा असेल तर आधी चीक पाण्याखाली धुऊन थांबवा, आणि त्या वेळी चश्मा घाला.