यकृताच्या कर्करोगात प्रत्यारोपणानंतरचा जीवितकाल

यकृतातच उगम पावणाऱ्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. तो बहुधा सिरॉसिसने निबर झालेल्या यकृतात होतो. नुसती गाठ कापून काढली, तर ती जिथे उपजली ते यकृत तसेच राहते आणि त्यात नवी गाठ धरू शकते. प्रत्यारोपणात गाठ आणि रोगट यकृत दोन्ही एकदम निघून जातात. योग्य निवड झालेल्या रुग्णांपैकी साधारण ७० टक्के वा त्याहून अधिक जण शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगतात. मात्र हा आकडा वाचताना ‘निवड’ या शब्दावर थांबायलाच हवे.

टॉमस स्टार्झल यांनी १९६७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे दीड वर्षाच्या एका मुलीवर यकृत प्रत्यारोपण केले. तिला हाच कर्करोग होता. ती वर्षाहून अधिक काळ जगली. त्या काळी हे मोठेच यश होते. पण तिचा जीव घेतला तो उलटलेल्या कर्करोगाने. पुढेही मोठ्या, पसरलेल्या गाठींच्या रुग्णांवर प्रत्यारोपणे होत राहिली आणि रोग उलटत राहिला. १९८०च्या दशकाअखेर अनेक तज्ज्ञ या कर्करोगात प्रत्यारोपण करूच नये अशा मताला आले होते.

हे चित्र पालटले ते इटलीतील मिलानमध्ये. विन्चेन्झो माझाफेर्रो व सहकाऱ्यांनी १९९६ साली ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच गाठ असल्यास ती ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी व प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. रक्तवाहिनीत शिरकाव नाही, यकृताबाहेर प्रसार नाही, असे हे रुग्णनिवडीचे निकष होते. चार वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात होते. आज जगभर हे ‘मिलान निकष’ आधारभूत मानले जातात.

पण केवळ मोजपट्टीने कर्करोगाचा स्वभाव कळत नाही. म्हणून आता रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन या, या कर्करोगात अनेकदा वाढणाऱ्या प्रथिनाची पातळी आणि उपचारांना गाठीने दिलेला प्रतिसादही पाहतात. निकषांबाहेरची गाठ केमोएम्बोलायझेशनसारख्या (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणाऱ्या) उपचारांनी आटली, तर प्रत्यारोपणाचा मार्ग खुला होऊ शकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत, असा प्रतिसाद मिळालेल्यांपैकी प्रत्यारोपण झालेल्या गटात पाच वर्षांचा जीवितदर ७७.५ टक्के, तर न झालेल्या गटात ३१.२ टक्के होता.

प्रतीक्षायादीत असताना गाठ वाढून काही रुग्ण अपात्र ठरतात. शस्त्रक्रियेपासून मोजलेल्या आकड्यांत ते येतच नाहीत. यादीत नाव लागल्यापासून मोजलेला जीवितदर म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटतो. रुग्णाच्या घरच्यांना खरे तर तोच सांगायला हवा.

काढलेले यकृत विकृतिशास्त्रज्ञ पातळ कापांत तपासतात. स्कॅनमध्ये स्वच्छ वाटलेल्या यकृतातही सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेल्या कर्कपेशी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, आणि त्या दिसल्या तर धोका बराच वाढतो. एकंदर १० ते २० टक्के रुग्णांत रोग उलटतो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. फुप्फुस, हाडे किंवा नवे यकृत ही त्याची नेहमीची ठिकाणे. नवा अवयव टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावीच लागतात, पण त्यांची मात्रा जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवतात. रोग एकाच जागी उलटला असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून काहींना आणखी वर्षे मिळतात. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत ठरावीक अंतराने स्कॅन चुकवू नयेत.