अळंबीच्या वाटेवर येण्याआधी

नमस्कार. रानातली अळंबी बघायला आमच्यासोबत येण्यासाठी तुम्ही नाव नोंदवलंत, आनंद वाटला. निघण्याआधी हे पत्रक एकदा निवांत वाचा. घरातलं कुणी सोबत येणार असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. फेरीत गोळा केलेली अळंबी घरी नेऊन शिजवायची नाही, आणि आम्हीही ती शिजवून देत नाही. फोनवर बरेच जण विचारतात, "मग टोपली कशाला आणायची?" टोपली लागते ती अळंबी अखंड, बुडासकट आणून एकत्र मांडण्यासाठी. एका फेरीत माणूस खायची अळंबी ओळखायला शिकत नाही. कशाकडे बघायचं, हे मात्र नक्की शिकतो.

दोन हंगामांपूर्वी एक ताई पिशवीभर अळंबी घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. आणताना खूप काळजी घेतलेली: माती झटकलेली, देठ सुरीनं सरळ कापलेले, एकही छत्री फुटलेली नाही. "खाण्याजोगी आहे का, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. आम्ही तिघांनी आळीपाळीनं बघितली, पण सांगता येईना. जे बघायला हवं होतं ते कापताना जमिनीतच राहिलं होतं. आम्ही त्यांना ती सगळी टाकून द्यायला लावली.

म्हणून आमच्याकडे सुरीच्या आधी खुरपं हातात येतं. अळंबीच्या बुडापासून चार बोटं लांब खुरपं रोवायचं आणि मातीसकट अलगद उचलायचं. असं का, ते कळायला विषारी अळंब्यांमधली सगळ्यात घातक मानली जाणारी 'डेथ कॅप' कशी वाढते ते बघा. शास्त्रीय नाव अमॅनिटा फॅलॉइड्स. ती जन्मते एखाद्या लहान अंड्यासारखी, पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेली. आतला देठ लांबू लागला की पडदा फाटतो आणि त्याचा खालचा भाग बुडाशी खोळीसारखा उरतो. छत्रीखालचा दुसरा पडदा सुटून देठावर कडं तयार होतं. हे कडं गळून जाऊ शकतं. छत्रीचा हिरवट-पिवळा रंग फिकट पडून जवळजवळ पांढरा होऊ शकतो. बुडाची खोळ मात्र मातीत शाबूत असते, आणि सुरीनं कापणाऱ्याला नेमकी तीच दिसत नाही.

उपटल्यानं पुढच्या वर्षी अळंबी येणार नाही, अशी भीती अनेकांना असते. स्वित्झर्लंडमध्ये १९७५पासून जवळजवळ तीन दशकं हे मोजून पाहिलं गेलं. काही जागी अळंबी कापली, काही जागी उपटली, काही जागी हातच लावला नाही. उत्पन्नात फरक पडला नाही. घट झाली ती माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेली तिथे. म्हणून फेरीत एकामागोमाग एक, एकाच पायवाटेनं चालायचं. खणलेला खड्डा पालापाचोळ्यानं बुजवूनच पुढे जायचं.

उपटल्यानं अळंबी का कमी होत नाही, याचं कारणही जमिनीखालीच आहे. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे झाडाच्या फळासारखी. खरा जीव म्हणजे बुरशी, माती-लाकडात पसरलेलं, केसाहून बारीक धाग्यांचं जाळं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आर्मिलारिया जातीच्या बुरशीचं एकच जाळं ९ चौरस किलोमीटरहून जास्त जागेत पसरलेलं आढळलं आहे. काही बुरश्या मेलेलं लाकूड कुजवून जगतात. काही जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी करतात: बुरशी पाणी आणि खनिजं पुरवते, झाड साखर देतं. या नात्याला 'मायकोरायझा' हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रँक यांनी १८८५ मध्ये दिलं. बुरशी म्हणजे वनस्पती नव्हेच. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करत नाही आणि तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, म्हणजे कीटकांच्या कवचात असतं त्याच पदार्थाच्या. १९६९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत, म्हणजे पाच मोठ्या गटांत विभागणी मांडली तेव्हा बुरश्यांना स्वतंत्र जागा दिली.

अळंबी दिसली की आधी आजूबाजूला बघायची सवय आम्ही लावतो, ती बुरशी कशावर जगते हे कळावं यासाठी. ती लाकडावर उगवली की मातीत, की शेणावर? जवळ कोणतं झाड आहे? डेथ कॅपही झाडांच्या मुळांशी राहणारी. मूळची युरोपातली, पण लावलेल्या रोपांच्या मुळांबरोबर ती इतर खंडांतही पोचली. आशियातून तिथे गेलेल्या लोकांनी ती पाहिली तेव्हा त्यांना भाताच्या काडावर उगवणारी, लहानपणापासून खाल्लेली अळंबी आठवली. त्या अळंबीलाही कोवळेपणी तसंच अंडं असतं, बुडाशी तशीच खोळ असते. या गल्लतीनं माणसं दगावली आहेत. आपल्या ओळखीच्या रानात पक्की असलेली नजर दुसऱ्या रानात फसू शकते, हे फिरतीवर असणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

या दोघींमधला एक फरक कागदावर उमटतो. तो काढायला आम्ही प्रत्येकाला शिकवतो, आणि आम्हाला स्वतःला फेरीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. पूर्ण उमललेली छत्री देठापासून वेगळी करा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या आणि त्यावर छत्री पोटाकडून ठेवा, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पात्या खाली येतील. वर एक थेंब पाणी टाका, वाटी उपडी घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी छत्री उचललीत की कागदावर प्रत्येक पातीची रेघ उमटलेली असते, मखमलीसारखी मऊ. ते सगळे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे कण. एक बीजाणू मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा, त्यामुळे सुटा दिसत नाही. पण लाखो एकत्र पडले की रंग दिसतो. डेथ कॅपचा ठसा पांढरा येतो आणि काळ्या अर्ध्या भागावरच नीट दिसतो. काडावरच्या अळंबीचा गुलाबी. हिरवळीवर उगवणाऱ्या एका मोठ्या, देखण्या अळंबीचा ठसा चक्क हिरवट येतो. ती खाल्ली की काही तासांत जबरदस्त उलट्या सुरू होतात. छत्रीच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्या असल्यामुळे बघून संशय येत नाही. १७२९ मध्ये पिएर अँतोनियो मिकेली या इटालियन अभ्यासकानं असेच बीजाणू खरबुजाच्या फोडींवर पेरून त्यांतून बुरशी उगवते हे दाखवलं होतं.

ठशानं सगळं कळतं असं मात्र नाही. पांढरा ठसा देणाऱ्या खाण्याजोग्या अळंब्याही पुष्कळ आहेत. जागा, बूड, देठ, पात्या, वास, ठसा, सगळं एकमेकांशी जुळलं तरच नाव घ्यायचं. मोबाइलवर फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप्स पुढचा शोध घ्यायला बरी, पण त्यांच्या भरवशावर घास तोंडात घालू नका.

काही समजुती मनातून काढून टाका. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, गोगलगायीनं खाल्ली असेल तर चालते, शिजवली की विष जातं: यातली एकही खरी नाही. डेथ कॅपचं विष शिजवून, वाळवून किंवा गोठवून नाहीसं होत नाही. "आम्ही वर्षानुवर्षं खातोय, काही झालं नाही" हाही पुरावा नव्हे. पॅक्सिलस नावाची एक अळंबी युरोपात सर्रास खात असत. ती वारंवार खाल्ल्यावर एखाद्या वेळी शरीर स्वतःच्याच रक्तपेशी फोडू लागतं. १९४४ मध्ये युलिउस शेफर हे अळंब्यांचे जाणकार जर्मन अभ्यासक ती खाऊनच वारले.

कुणी रानातली अळंबी खाल्ली आणि त्रास सुरू झाला, तर वाट बघू नका. डेथ कॅपची लक्षणं साधारण ६ ते २४ तासांनी दिसतात: उलट्या, जुलाब, पोटात कळा. मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि हाच धोक्याचा काळ असतो. कारण तोवर विषानं यकृताच्या पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडलेलं असतं. बरं वाटलं तरी रुग्णालयातच जायचं. उरलेली अळंबी, तिची सालं, शिजवलेला पदार्थ, काहीही सोबत न्या. त्याच ताटात जेवलेल्या प्रत्येकाला न्या, त्यांना काही होत नसलं तरी. काही अळंब्यांचं विष मूत्रपिंडावर जातं आणि त्याची लक्षणं दिसायला आठवडा-दोन आठवडेही लागू शकतात. त्यामुळे "काय खाल्लं होतं" या डॉक्टरांच्या प्रश्नाला मागचे दिवस आठवून उत्तर द्या.

मुलांना जरूर आणा. अळंबीला नुसता हात लावल्यानं विषबाधा होत नाही. ती तोंडात घालायची नाही आणि खाण्याआधी हात धुवायचे, एवढं त्यांना घरीच समजावून आणा. वास घेऊ द्या.

येताना पसरट टोपली, जुनी वर्तमानपत्रं किंवा कागदी पिशव्या, पेन्सिल आणि लहान वही आणा. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबीला घाम सुटून तिचा लवकर लगदा होतो आणि मग ओळखायला काही उरत नाही. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळायचा आणि कागदावर जागा नि जवळचं झाड लिहायचं. खुरपं आणि भिंग आम्ही देऊ.