सोन्याचं पॉकेट वॉच लिलावात देण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

घरच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये आजोबा-पणजोबांचं सोन्याचं पॉकेट वॉच पडून असेल आणि ते लिलावात द्यायचं मनात असेल, तर आधी हे वाचा. आम्ही जुनी घड्याळं दुरुस्त करतो आणि लिलावाआधी त्यांची तपासणी करून लेखी अहवाल देतो. आम्ही लिलाव करत नाही आणि घड्याळ विकतही घेत नाही.

पहिली विनंती अगदी कळकळीची आहे. घड्याळ सराफाकडे मोडीत घालू नका. मोडीत फक्त केसच्या, म्हणजे मशीनभोवतीच्या कवचाच्या, सोन्याचे पैसे मिळतात, मशीन काढून बाजूला ठेवलं जातं. अशी केस गेलेली उत्तम मशीनं आमच्याकडे येतात तेव्हा जीव हळहळतो, कारण त्यांच्या मापाची, त्यांच्याच काळातली केस पुन्हा मिळणं जवळजवळ अशक्य असतं.

किंमत नेमकी कशाची?

एप्रिल 2024 मध्ये इंग्लंडमधल्या डिव्हायझेस गावी एका पॉकेट वॉचचा लिलाव झाला. घड्याळ अमेरिकेच्या वॉल्थम कंपनीचं, सोनं 14 कॅरेट, केसवर मालकाची आद्याक्षरं कोरलेली. वॉल्थमने अशी घड्याळं लाखांनी बनवली. पण हे होतं ‘टायटॅनिक’वरचे सर्वांत धनाढ्य प्रवासी जॉन जेकब ॲस्टर यांचं. 1912 मध्ये जहाज बुडाल्यावर काही दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला, तेव्हा सोबतच्या वस्तूंच्या यादीत सोन्याच्या घड्याळाची नोंद झाली. पुढे मुलगा व्हिन्सेंट याने ते दुरुस्त करून घेतलं आणि स्वतः वापरलं. लिलावात अंदाज होता एक ते दीड लाख पौंडांचा. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, 9 लाखांवर आणि शुल्क व कर धरून खरेदीदाराला ते 11 लाख 75 हजार पौंडांना पडलं. सोन्याचा यातला वाटा नगण्यच. पैसे मिळाले ते मालकाच्या नावाला, आणि ते नाव कागदावर सिद्ध करता आलं म्हणून.

दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्हज यांचं पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं घड्याळ. 1925 मध्ये मागणी नोंदवली, 1933 मध्ये घड्याळ हातात आलं. 18 कॅरेट सोन्याच्या केसमध्ये 920 सुटे भाग आणि वेळेखेरीज इतकी कामं की त्यांत न्यूयॉर्कच्या रात्रीच्या आकाशाचा नकाशाही आहे. 2014 मध्ये जिनिव्हात ते 2 कोटी 32 लाख स्विस फ्रँकांच्या वर विकलं गेलं. इथे मोल होतं मशीनचं.

तुमचं घड्याळ बहुधा या दोन्ही टोकांच्या मध्ये कुठेतरी असेल. म्हणून आम्ही आधी मशीन बघतो, मग कागद आणि शेवटी सोनं.

झाकणाच्या आतलं वाचा

घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या. घरी चाकूच्या टोकाने उघडू नका, कडेवर ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात. स्विस केसवर आतल्या बाजूला बारीक शिक्का दिसतो. 1880 नंतरच्या केसवर स्त्रीचं मस्तक असेल तर 18 कॅरेट, खार असेल तर 14 कॅरेट. मात्र अनेक घड्याळांना बाहेरच्या झाकणाखाली आणखी एक पातळ झाकण असतं. त्यावर ‘क्युव्हेत मेताल’ असं फ्रेंचमध्ये कोरलेलं असेल तर ते झाकण सोन्याचं नाही, दिसायला कितीही पिवळं असो. अमेरिकन केसवर ‘गोल्ड फिल्ड’ किंवा ‘20 वर्षांची गॅरंटी’ अशा अर्थाचा मजकूर असेल तर आत स्वस्तातला धातू आणि वर सोन्याचा पत्रा समजा. ही गॅरंटी पत्रा झिजून जाण्याबद्दलची असे. पुष्कळ घरांची निराशा इथे होते, पण अशा केसमध्येही मशीन अव्वल निघू शकतं.

केस आणि मशीन या दोन्हींवरचे नंबर टिपून ठेवा. पाटेक फिलिपसारख्या काही कंपन्या नंबरावरून त्यांच्या दप्तरातल्या नोंदीचा उतारा शुल्क घेऊन देतात. लिलावात असा उतारा फार कामाला येतो.

पॉलिश नको, तबकडी रंगवणं तर नकोच

केस चकाकवली की कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि शिक्के पुसट होतात. मिन्याच्या पांढऱ्या तबकडीवर धाग्यासारखी बारीक चीर असेल तर असू द्या. जुनी खरी तबकडी चिरेसकट चालते, नव्याने रंगवलेली जाणकाराला नको असते. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घड्याळाला चावी देऊन ‘चालतंय का’ हेही बघू नका. आतलं तेल सुकलेलं असतं आणि कोरड्या मशीनची झीज होते. तबकडीवर झाकण असलेलं ‘हंटर’ घड्याळ मिटताना वरचा खटका दाबून धरा, झाकण मिटवा आणि मग खटका सोडा. फट्‌कन मिटलं की खाच झिजते आणि झाकण पुढे नीट बसत नाही.

कायदा आणि पैशाचा हिशेब

घड्याळ शंभर वर्षांहून जुनं असेल तर 1972 च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरू शकतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. नातेवाइकांच्या बॅगेतून जिनिव्हाला पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. असं घड्याळ देशातल्याच लिलावात द्यावं लागतं. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळवता येतो.

बातमीत छापून येते ती रक्कम बहुतेक वेळा खरेदीदाराचं शुल्क धरलेली असते. तुमच्या हाती येतो तो हातोड्याचा आकडा, तोही लिलावघराचं कमिशन वजा करून. फोटो, विमा आणि घड्याळ न विकलं गेल्यास लागणारा खर्च कोणाकडे, हे सही करण्याआधी लेखी घ्या. राखीव किंमतही, म्हणजे जिच्याखाली घड्याळ विकायचं नाही ती, करारात लिहून घ्या.

आमच्याकडे येताना घड्याळ मऊ सुती कापडात गुंडाळा आणि साखळी वेगळ्या पुडीत आणा. डबी, चावी, जुनी पावती, घड्याळ अंगावर असलेला एखादा फोटो, बक्षीसपत्र किंवा निवृत्तीच्या वेळचं पत्र असं जे सापडेल ते सोबत असू द्या. तपासणी तुमच्यासमोर होते, वजन आणि नंबर तुमच्यासमोर लिहिले जातात आणि घड्याळ त्याच दिवशी तुमच्यासोबत परत जातं.