ॲडेड मास आणि हिस्टरी फोर्स: वेग बदलला की कोणतं बल कुठून येतं?

द्रवातून संथ, एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गोळीला किती विरोध होतो हे स्टोक्सच्या सूत्रावरून कळतं. वेग बदलू लागला की मात्र त्यात आणखी दोन बलं येऊन मिळतात: ॲडेड मास, म्हणजे जणू वाढलेलं वस्तुमान, आणि हिस्टरी फोर्स, म्हणजे मागच्या हालचालींचा परिणाम. दोन्ही त्वरणामुळेच येतात, म्हणून विद्यार्थी त्यांना सर्रास एकात एक मिसळतात.

ॲडेड मासला द्रवाचा चिकटपणा लागतच नाही. गोळीला पुढे सरकायचं तर समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे त्या पाण्यालाही वेग द्यावा लागतो. गोलासाठी हा जादा बोजा म्हणजे विस्थापित पाण्याच्या वस्तुमानाचा बरोबर निम्मा. पाण्यातला गोल बुडबुडा बघा. आतली हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी, तेव्हा हिशेबाने तो गुरुत्वत्वरणाच्या शेकडो पटींनी उसळायला हवा. प्रत्यक्षात सुरुवातीचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या फक्त दुप्पट असतं, कारण उसळतो बुडबुडा, पण हलवायचं असतं पाणी.

हिस्टरी फोर्स मात्र निव्वळ चिकटपणातून येतो. गोळीलगतचा थर तिच्याबरोबर ओढला जातो आणि ती हालचाल हळूहळू बाहेर पसरत राहते. म्हणून आत्ताचं बल मागच्या सगळ्या त्वरणांवर ठरतं. याचं गणित बुसिनेस्कने १८८५ मध्ये आणि बॅसेटने १८८८ मध्ये मांडलं.

दोन्ही वेगळी काढायची तर चालती गोळी एकदम थांबवून तशीच धरून ठेवायची. वेग शून्य, म्हणून स्टोक्सचा विरोध शून्य. त्वरण शून्य, म्हणून ॲडेड मासही गेला. तरी द्रव गोळीला पुढेच ढकलत राहतो! पाण्यात अतिसंथ जाणारी १ मिलिमीटर त्रिज्येची गोळी घेतली, तर थांबल्यावर सेकंदभराने हा रेटा आधीच्या स्थिर विरोधाच्या ५६ टक्के निघतो. चार सेकंदांनी त्याचा निम्मा.

खरा घोळ होतो तो लंबकात. हवेमुळे लंबकाचं जडत्व वाढतं हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८२८ मध्ये दाखवलं. चिकटपणासकट हिशेब स्टोक्सच्या १८५१ च्या निबंधात आला. आंदोलनात हिस्टरी फोर्सचे दोन सारखे वाटे पडतात: एक वेगाबरोबर चालून झोके मंदावतो, दुसरा त्वरणाबरोबर चालून वस्तुमानाचं सोंग घेतो. दोन सेकंदांचा दोलनकाल आणि २ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल धरला, तर हवेत ॲडेड मासचा ०.५ चा गुणक (तो वरचा निम्मा) सुमारे ०.८५ होतो. त्यातला ०.३५ चिकटपणाचा आहे हे नुसतं जडत्व मोजून कळणार नाही.

हवेतल्या धुळीसाठी दोन्ही बलं बहुधा सोडून देता येतात, पाण्यातल्या वाळूसाठी नाही. तिथेही हिस्टरी फोर्स गाळणारे बरेच, कारण प्रत्येक कणाचा मागचा सगळा प्रवास साठवायचा म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी भरते. वेग वाढला की बॅसेटचं सूत्र तसंच्या तसं चालत नाही; मागचे परिणाम प्रवाह वाहून नेतो आणि बल त्याहून लवकर ओसरतं.